वसंतराव निमकर, यूजर

“काका, तुमचे पेन पॉइंट्स काय आहेत?” अन्विताने विचारलं आणि मी उजव्या गुडघ्यावर हात ठेवला.

“हा. आणि जिना उतरताना इथे, कंबरेत.”

लॅपटॉपमागे बसलेला इम्रान उगाचच खोकला. अन्विताने ओठ घट्ट मिटून घेतले. मग म्हणाली, “तसं नाही. मोबाइल वापरताना तुम्ही कुठे अडता, कशाचा त्रास होतो, त्याला आम्ही पेन पॉइंट म्हणतो.”

“मोबाइल वापरताना अंगठा दुखतो,” मी म्हणालो.

“सर,” ती आवाज खाली आणून म्हणाली, “अजून सुरू नाही केलंय. कॅमेरा लावायचाय. आत्ता तुम्ही तुमच्यासारखं बोललात तरी चालेल.”

हे मला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं. बाणेरच्या त्या काचेच्या इमारतीत शिरल्यापासून मी म्हातारा होतो. फाटकावरच्या वॉचमनने मला खुर्ची दिली होती. लिफ्टमध्ये एका मुलीने माझा हात धरला होता आणि मी तिला आशीर्वादही देऊन बसलो होतो. प्रत्यक्षात मी तेव्हा पंचेचाळिशीच्या आसपासचा, चांगला धडधाकट माणूस होतो. काठी नाटक मंडळाच्या पेटाऱ्यातली होती.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा मी पुण्यात नट म्हणून राहत होतो. नट होतो असं म्हणत नाही, नट म्हणून राहत होतो. केस विशीतच गेल्यामुळे मला तरुण भूमिका कधी मिळालीच नाही. नायिकेचा बाप, नायकाचा काका, निवृत्त मास्तर, दुसऱ्या अंकात मरणारे आजोबा, ही माझी कामं. मरण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही, असं माझ्याबद्दल म्हटलं जायचं. म्हणायचो मीच. दुसरं कोणी म्हटल्याचं आठवत नाही.

अन्विता घाटपांडे ही डिझायनर होती, तिशीच्या आतली. तिची रूममेट आमच्या मंडळात रंगभूषा करायची, त्या ओळखीने तिचा फोन आला होता. तिची कंपनी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी ‘हाक’ नावाचं ॲप बनवत होती. मोबाइलवर एक मोठं लाल बटण, ते दाबलं की जवळच्या माणसाला निरोप जाणार. कंपनीचे मालक साने सर यांनी वृद्धाश्रम चालवणाऱ्या एका संस्थेला शब्द दिला होता, की एक आजोबा हे ॲप किती सहज वापरतात याचं चित्रण उद्या दाखवतो. ठरलेल्या आजोबांच्या नातवाची मुंज निघाली. मग मी.

“तुम्हाला आमचा पर्सोना वाचून दाखवते,” ती फोनवर म्हणाली होती. “पर्सोना म्हणजे आम्ही कल्पनेने उभा केलेला यूजर. वापरणारा माणूस. वसंतराव निमकर, वय अडुसष्ट, पोस्टातून निवृत्त. पत्नी नाही. मुलगा अमेय कॅनडात.”

“अहो, हे तर पात्र झालं.”

“तसंच म्हणा.”

“संवाद कोण लिहिणार?”

“संवाद नाहीत सर. तुम्ही फक्त ॲप वापरायचं.”

म्हणजे मुख्य भूमिका, तीही एकपात्री. मी लगेच हो म्हणालो आणि तयारीला लागलो. वसंतरावांनी आयुष्यभर शिक्के मारले, तेव्हा ते काचेवरही बोट शिक्क्यासारखं आपटणार, हे मी ठरवलं. आवाजाची काळजी नव्हती. माझा म्हातारा आवाज तयारच होता. प्रत्येक वाक्याआधी एक ‘हं’, मग थोडं नाकातून, आणि वाक्य संपता संपता खाली घसरणारा सूर. वर्षानुवर्षं बागेतल्या बाकांवर बसणाऱ्या म्हाताऱ्यांचं निरीक्षण करून मी तो घडवला आहे, असं मी मुलाखतीत सांगणार होतो. मुलाखत कोणी घेतली नाही.

कॅमेरा लागला. त्यावरचा लाल ठिपका अजून पेटायचा होता.

“आज फक्त हॅपी पाथ करायचाय,” अन्विता म्हणाली. “म्हणजे सगळं नीट घडतं तो रस्ता. ॲप उघडायचं, नाव भरायचं, जवळच्या माणसाचा नंबर भरायचा आणि शेवटी लाल बटण. बस.”

“आणि अडथळे?”

“अडथळे नकोत सर.”

“अडथळ्याशिवाय नाट्य कुठून येणार?”

“नाट्य नकोय सर,” ती काकुळतीला येऊन म्हणाली. “आणि घाबरू नका. हा प्रोटोटाइप आहे, नुसता नमुना. कुठलेही दहा आकडे टाका. बटण दाबलं तरी खरं काही होत नाही.”

“म्हणजे रंगीत तालीम.”

“हो.”

इम्रान लॅपटॉपमागून मान वर काढून म्हणाला, “अन्विता, ते बटण मी आज—” पण तेवढ्यात तिच्या कानातल्या यंत्रात साने सर बोलायला लागले. ते पलीकडच्या खोलीतून सगळं पडद्यावर पाहत होते. तिने इम्रानला हाताने थांबवलं आणि लाल ठिपका पेटला.

मी काय काय केलं ते आज सांगताना मलाच संकोच होतो. फोन उलटा धरला. सुलटा करून कानाला लावला. चष्मा काढून पुसला, लावला, पुन्हा काढला. ‘पुढे’ लिहिलेल्या चौकोनावर असा शिक्का मारला की फोन टेबलावरून घसरला. अन्विताच्या चेहऱ्यावर हसू चिकटवल्यासारखं होतं.

“काका, फार छान. आता पुढच्या पानावर या.”

पुढच्या पानावर ठळक अक्षरांत एकच प्रश्न होता. ‘तुम्हाला काही झालं, तर सगळ्यात आधी कोणाला कळवायचं?’ त्याखाली दोन रिकामे चौकोन, नाव आणि नंबर.

नावाच्या चौकोनात मी ‘अमेय’ लिहिलं. मग नंबरपाशी आलो. कुठलेही दहा आकडे. पण इतकी तयारी करून आलेल्या नटाला खोटे आकडे टाकणं पटेना. माणूस मनातून खरा हवा, तर बोटातून खरा दिसतो, असं मी नव्या मुलांना शिकवायचो. म्हणून मी मनातून खरं व्हायला गेलो. मला काही झालं तर कोणाला कळवायचं?

घरमालकांना कळवलं असतं तर त्यांनी आधी गॅस बंद आहे ना ते विचारलं असतं. मंडळाच्या व्यवस्थापकांनी शनिवारच्या प्रयोगाचं काय, ते विचारलं असतं. अजून एक दोन नावं आठवली, पण त्यांना मला काही झालंय हे कळवण्याआधी मी कोण हे कळवावं लागलं असतं.

किती वेळ गेला कोण जाणे. मी चष्मा पुसला नाही, काठी हलवली नाही, खोकलोही नाही. फोनचा पडदा काळा झाला, तो अन्विताने हळूच बोट लावून पुन्हा उजळवला. मग माझ्या बोटांनी एक नंबर टाकला. तो पाठ होता. माझ्या वापरात नव्हता.

लाल बटण आलं. मी ते दाबलं, शिक्का न मारता, साधंच. ‘तुमची हाक पोहोचली आहे,’ अशी अक्षरं उमटली.

अन्विता कानावर हात ठेवून ऐकत होती. “साने सर म्हणतायत, तो पॉज अप्रतिम होता,” ती पुटपुटली. तिचे डोळे चमकत होते. “सर, तुम्ही ग्रेट आहात.”

मी नम्रपणे मान झुकवली. आणि माझ्या हातातला तो कंपनीचा फोन वाजायला लागला.

इम्रानचा चेहरा पांढरा पडला. “मी सकाळीच बटण जोडलं. खरा मेसेज जातो. डेमोत मजा येईल म्हणून... तेच सांगत होतो.”

“मेसेजमध्ये काय आहे?” अन्विताने विचारलं.

“वसंतराव निमकर यांना तातडीची मदत हवी आहे. या नंबरवर फोन करा.”

कॅमेऱ्याचा ठिपका पेटलेलाच होता. मी फोन कानाला लावला.

“हॅलो. वसंतराव निमकर बोलताय का?”

आवाज सदादादाचा होता. सदानंद खांबेटे, राहणार मिरज, माझा सख्खा थोरला भाऊ. अण्णा, म्हणजे आमचे वडील, गेले त्यानंतर आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नव्हतो. सहा वर्षं झाली होती.

फोन ठेवता आला असता. पण समोर कॅमेरा होता, आणि एकदा भूमिकेत शिरलं की पडदा पडेपर्यंत बाहेर यायचं नाही, एवढी एकच शिस्त मी आयुष्यात पाळली होती.

“हं... बोलतोय,” वसंतराव म्हणाले.

पलीकडे एकदम शांत झालं. मला वाटलं, ओळखलं.

“हॅलो?” मी म्हणालो.

“आहे, आहे मी,” दादा म्हणाला. त्याचा आवाज खाली आला होता. “काका, तुमचा मेसेज आलाय माझ्याकडं. तुम्ही पडलाय का कुठं?”

“हं... नाही. बसलोय.”

“छातीत दुखतंय का?”

“जरासं.” हे खरं होतं.

“जवळ कोणी आहे?”

मी वर पाहिलं. अन्विताने तोंडावर हात ठेवला होता. इम्रान उभा राहिला होता. “हं... दोघं आहेत. पण आपली नव्हेत.”

“बरं. घाबरू नका. नंबर चुकून माझा लागलाय, मी मिरजेत असतो. पण पुण्यात माझा भाऊ आहे. त्याला पाठवतो तुमच्याकडं.”

मला पुढचं वाक्य सुचेना. प्रेक्षागृहात कोणी खोकलं तर बरं, असं वाटण्याची ती वेळ होती.

“हं... तुमचा भाऊ येईल?”

“येईल की. जरा नाटकी आहे. पण येईल.”

“कशाला त्यांना त्रास...”

“त्रास कसला? दिवसभर काय करतो कोण जाणे. पत्ता सांगा.”

वसंतरावांना पत्ता नव्हता. पर्सोनात तो कोणी लिहिलाच नव्हता. मी “बाणेर” एवढंच म्हणालो आणि फोन ठेवला.

मग कोपऱ्यातल्या माझ्या झोळीतून नाटकाची तिसरी घंटा वाजू लागली. ती माझी रिंगटोन होती. हौसेने लावलेली. मी काठी न टेकता ताडकन उठून गेलो आणि माझा फोन घेतला.

“विद्या? सदा बोलतोय.” घरात मी विद्या. सहा वर्षांनंतरचं हे पहिलं वाक्य, आणि दुसरं त्याला चिकटूनच आलं. “ऐक. बाणेरला निमकर म्हणून एक म्हातारा एकटा आहे. छातीत दुखतंय त्याच्या. नंबर पाठवतो. लगेच जा.”

“दादा, तसं काही नाहीये.”

“काय नाहीये? मी बोललोय आत्ता.”

“तो माणूस नाहीये. पर्सोना आहे.”

“कुठला सोना?”

“म्हणजे पात्र. इथे एका कंपनीत काम करत होतो मी. मीच निमकर.”

दादा दात आवळून म्हणाला, “विद्या, जायचं नसेल तर तसं सांग. माणूस मरायला टेकलाय आणि तू थापा मारतोस?”

फोन बंद झाला. मी वळलो तर अन्विता कॅमेरा बंद करत होती आणि माझ्याकडे पाहत नव्हती.

आता आमचं का बिनसलं होतं तेही सांगून टाकतो. अण्णांना घरून नेताना मी रडलो. मोठ्याने रडलो. अंगणात गाव जमलं होतं. दादा माझ्या कानाशी आला आणि म्हणाला, “बास कर विद्या. इथं कोणी तिकीट काढून आलेलं नाही.” ते दोघातिघांनी ऐकलं, एकाला हसू आवरेना. दिवसकार्य झालं त्याच दुपारी मी एसटीत बसलो. पुढे किती तरी लोकांना मी हे वाक्य सांगितलं, दादा कसा दगड आहे ते दाखवायला. हे मात्र कोणाला सांगितलं नव्हतं, की रडता रडता माझा आवाज एका जागी चिरकला, तेव्हा माझ्याच डोक्यात आलं होतं, हे छान आहे, कधीतरी वापरता येईल. दादाचं चुकलं होतं असं छातीठोकपणे म्हणायला मला तेवढी एक अडचण होती.

अन्विताने चहा मागवला. साने सर आत आले, माझा हात हलवला, फोन आल्याचा भाग काय कमाल जमून आला होता म्हणाले. त्यांना वाटलं होतं की तेही आम्ही बसवलेलं होतं. मग तो कंपनीचा फोन बंद करून कपाटात टाकायला सांगून ते निघून गेले.

“पण तो नंबराचा चौकोन,” अन्विता इम्रानला म्हणाली, “आपण यांचा विचारच नाही केला. सर म्हणजे एज केस आहेत.”

“एज केस?” मी कप खाली ठेवला. एवढ्या सगळ्यातही मला ते लागलं. “अहो, माझं वय तितकं नाहीये. ही रंगभूषा आहे.”

“ते एज नाही सर,” इम्रान म्हणाला. तो बारामतीकडचा, मृदू बोलणारा मुलगा होता. “एज म्हणजे काठ. सगळ्यांसाठी केलेलं जिथं चालत नाही, असा काठावरचा माणूस. आम्ही धरून चाललो होतो, की प्रत्येकाकडं भरायला एक नंबर असतोच.”

“नंबर होता माझ्याकडे,” मी म्हणालो.

“हो सर. पण फार वेळ लागला तुम्हाला.”

त्या पानावर अन्विताने पुढे ‘हे नंतर भरलं तरी चालेल’ असं एक बारीक बटण टाकलं. साने सरांना ते आवडलं नाही, तिने हट्टाने ठेवलं. ॲप काही फार दिवस चाललं नाही. पण माझ्या आयुष्यात एखाद्या वस्तूत माझ्यामुळे काही बदल झाला असेल तर तो एवढाच, आणि तोही मी अभिनय करत नव्हतो तेव्हा.

घरी जाताना मी दादाला फोन लावला. त्याने उचलला नाही. कंपनीचा फोन कपाटात बंद होता, आणि मिरजेत बसून दादा त्याच नंबरवर पुन्हा पुन्हा लावत होता, हे मला दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं. दारावर थाप पडली, मी उघडलं, आणि समोर दादा उभा. केस पार पांढरे झालेले. खांद्याला पिशवी, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला.

“चल,” तो म्हणाला. “बाणेर कुठं आलं?”

“दादा, आत तर ये.”

“कालपासनं फोन बंद लागतोय त्यांचा. तू गेलास का नाही ते सांग.”

“अरे, मी सांगितलं ना, तो मीच होतो.”

तो तरातरा खोलीच्या मध्यापर्यंत आला. दूध संघातली नोकरी, एक दिवस उशिरा न जाणारा माणूस. तो रजा टाकून, पहाटेची गाडी पकडून एका अनोळखी म्हाताऱ्यासाठी आला होता, आणि माझ्याकडे असा बघत होता, जणू मी त्या म्हाताऱ्याला कुठेतरी लपवलंय.

“तू होतास?”

“हो.”

“मग बोल त्या आवाजात.”

मी उभा राहिलो. रंगभूषा नाही, काठी नाही, अंगात बनियन आणि पायजमा. समोर एकच प्रेक्षक, तोही उभा. इतका घाबरून मी कधी रंगमंचावर गेलो नव्हतो.

“हं... बोलतोय,” मी म्हणालो.

दादा मागे सरकत सरकत खाटेवर बसला.

“परत.”

“हं... कशाला त्यांना त्रास.”

त्याने खाली मान घातली. मला वाटलं, आता चिडणार. पण तो चेहरा वर न करता म्हणाला, “तुला खरंच कळत नाही का रे?”

“काय?”

“अण्णा आहेत ते.”

मी हसायला गेलो. बागेतली बाकं, माझं निरीक्षण, माझी साधना, सगळं सांगायला तोंड उघडलं. पण तोंडातून आधी आला तो नुसता ‘हं’, आणि तो हं कोणाचा होता ते मला माझ्याच कानांनी ऐकू आलं. मिरजेच्या घरात पेपरमागून येणारा. मी विशीपासून नायिकांचे बाप आणि मरणारे आजोबा करत होतो, आणि प्रत्येक प्रयोगाला अण्णांना उभं करत होतो. ते जिवंत होते तेव्हाही. ते एकदाच नाटक बघायला आले होते आणि मध्यंतरात काही न बोलता निघून गेले होते. मी ते त्यांच्या अरसिकतेत जमा केलं होतं.

“काल फोनवर ते ‘बोलतोय’ ऐकलं,” दादा म्हणाला, “आणि म्हटलं, असू दे, कोणी का असेना. या आवाजाच्या माणसाला एकटं नाही सोडायचं.” त्याने बाहीने तोंड पुसलं. “नाहीतर चुकीच्या नंबरसाठी रजा कोण टाकतो?”

माझा स्वतःचा आवाज कुठला याची मला आता खात्री नव्हती.

“अजून बोल जरा,” दादा म्हणाला.

“काय बोलू?”

“काहीही. थांबू नको.”

मी इकडेतिकडे पाहिलं. संवाद कोणी लिहून दिलेला नव्हता. दादा खाटेवर बसला होता, पायात धुळीने भरलेल्या चपला तशाच, माझ्या चटईच्या मधोमध.

“हं... सदा,” मी म्हणालो, “आधी त्या चपला काढ बाहेर.”

पन्नाशी उलटलेला माझा भाऊ मुकाट्याने उठला, दाराबाहेर गेला, आणि खाली वाकून दोन्ही चपला भिंतीला लावून, टोकाला टोक जुळवून ठेवू लागला.